काढून टाकलेल्या ओळी

फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबांनी आमच्या घरमालकांना सांगून टाकलं, "मेअखेर आम्ही घर सोडतो, तुम्ही दुसरा भाडेकरू बघा." आईने ही बातमी फोनवर दिली तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी होते आणि मला चक्क आनंद झाला. कारण ती तारीख माझी होती. म्हणजे माझ्या लॅपटॉपने काढलेली. नंतर जे झालं त्यामुळे मी ही गोष्ट मंडळात कुणाला फारशी सांगितली नव्हती. यंदा संपादकांनी "तुझ्या विषयातलं काहीतरी दे, पण माणसाला कळेल असं" म्हणून मागे लागून लिहून घेतली, म्हणून लिहिते आहे.

आधी छाणी. मुंबईच्या मुलांना बडोदा म्हणजे राजवाडा, वडाची झाडं आणि शेव-उसळ एवढंच ठाऊक असतं. छाणी हे बडोद्याच्या उत्तरेला असलेलं जुनं गाव, आता शहरातच आलेलं. गावात जुनी जैन देरासरं आहेत, एका अंगाला खताचा कारखाना, दुसऱ्या अंगाला हायवे. गुजरातने जकात २००७ मध्येच बंद केली, पण रिक्षावाल्याला आजही "छाणी जकात नाका" म्हटल्याशिवाय पत्ता कळत नाही. जवळ छायापुरी नावाचं छोटं स्टेशन आहे आणि अलीकडे कुठल्याही गच्चीवर चढलं की बुलेट ट्रेनचे खांब दिसतात.

आमचं मूळ घर दांडिया बाजारातल्या वाड्यात होतं. वाडा विकला गेला, वाटण्या झाल्या. आमच्या वाट्याला जे आलं त्यात थोडं कर्ज घालून बाबांनी २०१८ च्या दसऱ्याला छाणीतल्या एका स्कीममध्ये पाचव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट बुक केला. बानाखत झालं. (बानाखत म्हणजे साठेखत. हा शब्द मी मुंबईत वापरला की लोक माझ्याकडे बघत राहतात. बडोद्याच्या मराठीत असे बरेच आहेत.) साइट जवळ पडावी म्हणून आम्ही नाक्याजवळच भाड्याने राहायला आलो. आजीने सामान बांधताना देव्हारा, तांब्याचा बंब आणि आजोबांच्या फोटोची एक पेटी वेगळी बांधली, तिच्यावर खडूने "नवं घर" असं लिहिलं, आणि ती भाड्याच्या घरात उघडायची नाही असं जाहीर केलं. देव तोवर स्वयंपाकघरातल्या फळीवर.

रेराच्या नोंदीप्रमाणे इमारत डिसेंबर २०२० ला पुरी व्हायची होती.

मग कोविड आला. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सगळ्या राज्यांच्या रेरांना कळवलं की २५ मार्च २०२० किंवा त्यानंतर पूर्ण व्हायच्या प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ द्या. ते रास्तच होतं. पण सहा महिने गेले, त्यानंतर आणखी एक मुदतवाढ झाली, आणि इमारत सहाव्या मजल्याचा स्लॅब भरून, विटांचं काम अर्धवट ठेवून उभी राहिली. बाबा एकीकडे भाडं आणि दुसरीकडे हप्ता भरत होते. विचारायला गेलं की ऑफिसातला माणूस हसून म्हणायचा, "दिवाळी पछी." दिवाळी झाली की उत्तरायण पछी. मग होळी पछी. गुजरातीतला हा 'पछी' फार गोड शब्द आहे, त्याच्यावर चिडतासुद्धा येत नाही.

बाबांची एक सवय मात्र सांगायला हवी. दर शनिवारी शिफ्ट सुटली की ते स्कूटर साइटवरून घेत आणि खिशातल्या डायरीत एक ओळ लिहीत. "१७ माणसं. तिसऱ्या मजल्याचं प्लास्टर." "९ माणसं. सेंटरिंगचं सामान आलं नाही." "४ माणसं." बस, एवढंच. आई म्हणायची, माणसं मोजून इमारत वर जाते का? ते काही बोलत नसत.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्ट होता. बाकीच्यांनी शेअर बाजार आणि क्रिकेट घेतलं. मी म्हटलं, आपण बांधकामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज करू. मॅडम खूश झाल्या, कारण हा विषय नवा वाटला तरी जुना आहे. ऑस्ट्रेलियात ब्रोमिलो नावाच्या संशोधकाने १९६९ मध्येच इमारतींच्या कंत्राटांचा अभ्यास करून एक साधं सूत्र मांडलं होतं. वेळ खर्चाबरोबर वाढतो, पण खूप सावकाश. खर्चाचा साधारण ०.३ वा घात घ्यायचा. म्हणजे इमारत दहापट महाग असली तरी वेळ जेमतेम दुप्पट लागतो, कारण मोठ्या कामावर माणसं जास्त लावतात, यंत्रं जास्त येतात. त्याच अभ्यासात त्याला असंही दिसलं की आठातलं एखादंच काम ठरलेल्या मुदतीत पुरं होतं. मला हे वाचून बरं वाटलं होतं. म्हणजे फक्त छाणीतच नाही.

पण सूत्रात एकच गोष्ट मोजलेली, खर्च. प्रत्यक्षात मजले किती, युनिटं किती, बिल्डरची आधीची कामं किती, शहरात की शहराबाहेर, काम पावसाळ्याआधी सुरू झालं की नंतर, असं पुष्कळ काही असतं आणि ते एकमेकांत गुंतलेलं असतं. इथे न्यूरल नेटवर्क येतं. नाव मोठं आहे, पण आत काय चालतं ते आमच्या आजीला आमटीवरून समजावता आलं. समजा, तुला शंभर आमट्यांची कृती दिली, प्रत्येकीत चिंच, गूळ, तिखट, मीठ किती ते सांगितलं आणि खाणाऱ्याने दहापैकी किती मार्क दिले तेही सांगितलं. आता तू प्रत्येक जिनसाला एक वजन देतेस, मार्कांचा अंदाज करतेस, चुकतेस, आणि चूक जितकी मोठी तितकी वजनं थोडी थोडी सरकवतेस. हे हजारो वेळा. मधे आणखी एक पायरी असते, तिथे 'आंबटगोड' किंवा 'फारच झणझणीत' अशा मिश्र चवी आपोआप तयार होतात. त्यांना कुणी नावं देत नाही, पण अंदाज त्यांच्यावरून होतो. चूक शेवटाकडून सुरुवातीकडे मागे नेत वजनं दुरुस्त करायची ही रीत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने सगळीकडे गेली. आजी म्हणाली, "म्हणजे तुझं यंत्र चव न घेता मार्क देतं." आता विचार केला तर अख्ख्या व्हायव्हात इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

माहिती मी रेराच्या वेबसाइटवरून गोळा केली. २०१६ च्या रेरा कायद्याचं हे एक मोठं काम झालं, नोंदणी केलेल्या प्रत्येक प्रकल्पाची सुरुवात, कबूल केलेली तारीख, मुदतवाढ, सगळं कुणालाही बघता येतं. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडचे मिळून दोनेकशे प्रकल्प मी हाताने एक्सेलमध्ये उतरवले. दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली, डोळे लाल. ज्यांची पूर्ण झाल्याची तारीख होती ते ठेवले. ज्यांची नव्हती त्यांच्या ओळी निवडल्या आणि डिलीट केल्या. तो दिवससुद्धा मला आठवतो, भाऊबीज होती. उजव्या बाजूची रिकामी खानी बघून मी त्यांना "घाण माहिती" म्हटलं होतं. आम्हाला तसंच शिकवलेलं, माहिती आधी स्वच्छ करा.

दोनशेतून उरल्या त्या ओळी नेटवर्कसाठी थोड्याच होत्या. थोड्या माहितीवर नेटवर्क पाठांतर करतं, गाइड पाठ करून गेलेल्या पोरासारखं. प्रश्न फिरवून विचारला की गप्प. म्हणून मी मधला थर लहान ठेवला, काही ओळी बाजूला काढून त्यांच्यावर परीक्षा घेतली. निकाल खरंच बरा आला. सरासरी चूक दोन-अडीच महिन्यांची. ब्रोमिलोच्या पद्धतीच्या साध्या सूत्रापेक्षा निम्मी. हॉस्टेलच्या खोलीत मी एकटीच नाचले.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. आमच्या इमारतीची माहिती घातली.

उत्तर आलं, २८ महिने उशीर. डिसेंबर २०२० मध्ये २८ मिळवले की एप्रिल २०२३. मी फोन केला. बाबांनी दोनदा विचारलं, "यात बिल्डर काय म्हणतो ते धरलेलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही बाबा, इतर प्रकल्पांना खरंच किती वेळ लागला त्यावरून आहे." ते म्हणाले, "मग ठीक." एक महिना जास्तीचा धरून त्यांनी मे ठरवला. घरमालक सज्जन होते, त्यांनी लगेच दुसऱ्या कुटुंबाला शब्द दिला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात व्हायव्हा झाला. बाहेरून आलेल्या बाईंनी ग्राफ बघितले, मान हलवली, आणि चहाचा कप खाली ठेवत अगदी सहज विचारलं, "जे प्रकल्प अजून पूर्णच झालेले नाहीत, त्यांचं काय केलंस?"

मी म्हटलं, "काढून टाकले मॅडम. त्यांना उत्तरच नव्हतं."

"उत्तर नव्हतं कसं? चार वर्षं झाली आणि अजून पुरा नाही, हे उत्तर नाही का?"

मला त्या क्षणी घाम फुटला तो मार्कांसाठी नाही. मला आमची इमारत दिसली. ती जर माझ्या शीटमध्ये असती तर भाऊबीजेच्या दिवशी मी तिलाही डिलीट केलं असतं. माझं नेटवर्क फक्त संपलेल्या कामांवर शिकलं होतं. त्याच्या जगात न संपलेली इमारत नव्हतीच. उशीर होतो, पण शेवटी किल्ली मिळतेच, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ज्या ओळी ठेवल्या त्यांतून ते आपोआप शिकलं होतं. आणि सर्वांत जास्त रखडलेले, म्हणजे आमच्यासारखे, नेमके तेच मी घाण म्हणून फेकले होते. परीक्षेसाठी बाजूला काढलेल्या ओळीसुद्धा संपलेल्या कामांच्याच, मग पेपर सोपा जाणारच.

बाईंनी मग दहा मिनिटं घेऊन नीट समजावलं. वैद्यकातले लोक हे फार आधी शिकले. एखाद्या औषधाच्या अभ्यासात अभ्यास संपेपर्यंत काही रोगी जिवंत असतात, त्यांची मृत्यूची तारीख नसते. म्हणून त्यांना कुणी यादीतून काढत नाही. "निदान इतके महिने तरी जगले" ही सुद्धा माहितीच. कापलन आणि मायर यांनी १९५८ मध्ये अशा अर्धवट माहितीवरून वक्र काढायची रीत दिली. न्यूरल नेटवर्कलाही हे शिकवता येतं, फरागी आणि सायमन यांनी १९९५ मध्ये तसा प्रयत्न केला होता. म्हणजे रीत माझ्या जन्माच्या आधीपासून उपलब्ध होती.

मला ए ग्रेड मिळाला. (हे लिहिताना अजून विचित्र वाटतं.)

घरी लगेच फोन केला का? नाही. दोन दिवस केला नाही. कॉलेजात मूल्यशिक्षणाच्या तासाला फादरांनी एकदा लूकच्या शुभवर्तमानातला बुरूज बांधणारा माणूस सांगितला होता, चौदाव्या अध्यायात आहे. बुरूज बांधायचा तर आधी बसून हिशेब करा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि येणारे-जाणारे हसतील. तेव्हा आम्ही मागच्या बाकावर बसून "फादर रेराबद्दल बोलतायत" म्हणून खुदखुदलो होतो. त्या दोन दिवसांत मला ती गोष्ट सारखी आठवत होती, पण वेगळ्या कारणाने. हिशेब तर मी केला होता. बसून, दिवाळीची सुट्टी घालवून केला होता.

फोन केला तेव्हा होळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मी म्हटलं, "बाबा, साइटवर किती माणसं आहेत?" पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. ११ फेब्रुवारी, ६ माणसं. २५ फेब्रुवारी, ३. ४ मार्च, कुणी नाही, फक्त राखणदार. ११ मार्च, कुणी नाही. १८ मार्च, कुणी नाही.

आमच्याकडच्या साइटवर काम करणारी माणसं बहुतेक दाहोद, पंचमहाल, पलीकडे झाबुआकडची आदिवासी. होळी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. होळीच्या आधीपासून एस.टी. भरभरून गावाकडे जातात आणि बडोद्यातली कित्येक कामं पंधरा-वीस दिवस थंड पडतात. पुढे लग्नसराई, मग जूनमध्ये पेरणी. माणसं परत येतात, पण जिथे मागचा पगार मिळाला तिथे येतात. आमच्या साइटवरच्या मुकादमाचे पैसे अडकले होते, म्हणून त्याची टोळी होळीनंतर दुसऱ्याच कामावर गेली, हे बाबांना राखणदाराने सांगितलं होतं. माझ्या शीटमध्ये नऊ रकाने होते. होळीचा नव्हता. मुकादमाच्या थकलेल्या पैशांचा तर कुठल्याच वेबसाइटवर नसतो.

"बाबा, डायरीत ३ माणसं लिहिली होती, मग तुम्ही घर सोडतो म्हणून का सांगितलं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, मी नुसती माणसं मोजतो. तू शिकलीयस."

माझ्याकडे याला आजही उत्तर नाही.

मे महिन्यात आम्ही घर बदललं. नवं घर नव्हे, दुसरं भाड्याचं, दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. मी परीक्षा संपवून सामान उचलायला गेले. बेचाळीस डिग्रीत आजीला खुर्चीत बसवून वर नेलं. ती कुणालाही काही बोलली नाही, फक्त "नवं घर"ची पेटी आपल्या डोळ्यांसमोर वर गेली की नाही ते बघत होती.

त्या सुट्टीत मी सगळं परत केलं. डिलीट केलेल्या ओळी जुन्या फाइलमधून शोधून आणल्या. सगळ्या नाही मिळाल्या, काही पुन्हा उतरवल्या. या वेळी प्रत्येक ओळीला दोन गोष्टी दिल्या: किती महिने झाले, आणि काम संपलं की नाही. मग आधी नेटवर्क बाजूला ठेवून कापलन-मायरचा साधा वक्र काढला. हा वक्र जिन्यासारखा खाली उतरतो. एकेक प्रकल्प पुरा झाला की एक पायरी. पन्नास टक्क्यांची रेघ तो जिथे ओलांडतो तिथे मधला आकडा वाचायचा, म्हणजे निम्मे प्रकल्प इतक्या महिन्यांत पुरे होतात. एकदाही मुदतवाढ न मागितलेल्यांचा वक्र भराभर उतरला. एकदा मागितलेल्यांचा सावकाश. आणि दोनदा मागितलेल्यांचा, ज्यांत आम्ही होतो, थोडा उतरला आणि आडवा झाला. पन्नासची रेघ त्याने गाठलीच नाही. अशा वेळी मधला आकडा निघतच नाही. सॉफ्टवेअर त्या जागी काही छापत नाही.

ते रिकामं खानं बघत मी खूप वेळ बसले होते. पहिल्या वेळी यंत्राने मला "२८" सांगितलं होतं तेव्हा खरं तर त्याने हेच सांगायला हवं होतं.

याचा अर्थ नेटवर्क टाकाऊ असा मी काढलेला नाही, काही मित्रमैत्रिणींनी तसा काढला म्हणून लिहिते. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या बुलेट ट्रेनचंच बघा. पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादेत झाली, गाडी २०२२ च्या १५ ऑगस्टला धावणार असं ठरलं होतं, आणि २०२२ गेलं. पण त्याच कामाचे दोन भाग वेगळे करा. चाळीस मीटर लांबीचा, सुमारे ९७० टनांचा गर्डर कारखान्यासारख्या यार्डात ओतायचा, खांबांवरून सरकणाऱ्या यंत्राने उचलून ठेवायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. हे इतक्या वेळा तसंच्या तसं होतं की पुढच्या महिन्यात किती किलोमीटर होईल याचा अंदाज माझं छोटं मॉडेलसुद्धा चांगला करेल. महाराष्ट्रातली जमीन मात्र जानेवारी २०२४ मध्ये पुरी ताब्यात आली. ती कधी येईल हे गर्डरांवरून कळलं नसतं. जे पुन्हापुन्हा घडतं ते नेटवर्क छान शिकतं. आणि जे एकदाच अडतं त्याच्यासाठी उशीर झालेल्यांच्या ओळी जपून ठेवाव्या लागतात, त्या सहसा कुणी जपत नाही.

सरकारी अहवालातही तेच दिसतं. दीडशे कोटींवरच्या केंद्रीय प्रकल्पांचा आढावा सांख्यिकी मंत्रालय प्रसिद्ध करतं. डिसेंबर २०२३ च्या आढाव्यात १,८२० प्रकल्पांपैकी ८४८ उशिरा चालले होते, आणि सरासरी उशीर तीन वर्षांहून जास्त. पेपरवाले हे आकडे छापतात. पण अशा आढाव्यांत बऱ्याच प्रकल्पांची ना पूर्ण होण्याची तारीख दिलेली असते ना अंदाज, त्यांची सरासरी कशी काढणार? ते सरासरीच्या बाहेर राहतात. सरासरी उशीर हा ज्यांचा उशीर मोजता आला त्यांचा असतो.

आमच्या बडोद्यात याची एक जुनी गोष्ट सांगतात. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर मँट यांनी केला. काम चालू असताना त्यांना आपलं गणित चुकलंय, वाडा कोसळणार, असं वाटू लागलं म्हणे, आणि त्या भयातच १८८१ मध्ये त्यांचा अंत झाला. पुढे चिझम यांनी काम नेलं आणि १८९० मध्ये वाडा पुरा झाला. आजही उभा आहे, तडासुद्धा नाही. लहानपणी शाळेच्या सहलीत ही गोष्ट ऐकून मला मँट यांचं हसू आलं होतं. आता येत नाही. आपल्या गणितावर दुसऱ्याचं छप्पर असतं तेव्हा काय वाटतं ते मला अगदी थोडं, तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवण्याइतकं, कळलं आहे.

कायद्याचं म्हणाल तर रेराच्या अठराव्या कलमाप्रमाणे उशीर झाला की पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा फ्लॅट ठेवायचा असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं. आम्ही काही कुटुंबांनी मिळून तक्रार केली आहे. तिथे माझं नेटवर्क काही कामाचं नाही, पण बाबांची डायरी झेरॉक्स करून जोडली आहे. चार वर्षांच्या शनिवारांची, तारखेनिशी. वकील बाईंनी ती दोनदा चाळली आणि विचारलं, "हे मोजायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बाबा म्हणाले, "कुणी नाही. रस्त्यातच पडतं."

मी डायरीचे आकडेही आता शीटमध्ये घेतले आहेत. एका इमारतीवर नेटवर्क शिकत नाही हे मला माहीत आहे, म्हणून आणखी चार साइटवर कॉलेजात जाणारी ओळखीची मुलं शनिवारी माणसं मोजतात. दोघं नियमित, एक विसरतो, एक बहुधा घरी बसून लिहितो. सलग सहा आठवडे बारा माणसं कुठल्याच साइटवर नसतात. होळीचा रकाना घातला आहे. लग्नसराईचा घालू की नको यावर आमचा वाद चालू आहे.

मागच्या महिन्यात घरी गेले होते. भाड्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. बाबांनी मला काही विचारलं नाही, नवा करार पुढ्यात ओढला आणि पूर्ण अकरा महिन्यांचा केला. रात्री जेवताना आजीने विचारलं, "तुझं यंत्र काय म्हणतं गं आता?"

मी खरं ते सांगितलं. "यंत्र म्हणतं, पुढच्या दिवाळीपर्यंत होण्याची शक्यता दहात तीन. आणि त्याच्या पुढचं त्याला सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ती जमिनीवर बसून पेटीची सुतळी कात्रीने कापत होती. देव्हारा बाहेर काढला, पुसला, आजोबांचा फोटो त्याच्या वर खिळ्याला लावायला मला स्टुलावर चढवलं. बंबाला जागा नव्हती, तो पेटीतच राहिला. शीटमध्ये आमची ओळ आहे, शेवटच्या खान्यात "अपूर्ण" लिहिलेलं. दर महिन्याला मी तिच्यातला महिन्यांचा आकडा एकाने वाढवते.